सोनियाचा लहानपणीचा फोटो

माझं तोंड फटकळ आहे. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या ज्या स्टुडिओत मी चौदा वर्षं काम करतो, तिथल्या गिऱ्हाइकांना विचारा. लग्नाच्या व्हिडिओत लहानपणापासूनचे फोटो लावतात ना, पाळण्यातल्या बाळापासून मुंडावळ्यांपर्यंत, ते खातं माझं. लोक जुने फोटो पिशवीत कोंबून आणतात. मी ते स्कॅन करतो, साफ करतो, हलते करतो. अल्बमच्या प्लास्टिकला चिकटलेले फोटो लोक नखांनी ओरबाडतात, मग मी बोलतो. मागून शिवणाचा दोरा हळूहळू ओढत नेला की फोटो अलगद सुटतो, पण धीर कुणाला आहे? बुरशीचे डाग, घडीच्या रेघा, कॅमेऱ्याने कोपऱ्यात छापलेली नारिंगी तारीख, सगळं मी पुसतो. आणि चेहरे जरा उजळ करतो. ते कुणी सांगत नसतं, पण नाही केलं तर लोक नाराज होतात.

हे आधीच सांगितलं, कारण मी जे केलं ते काही नवशिक्याच्या हातून चुकून झालं नाही. मला काम येत होतं म्हणूनच ते झालं.

माझी बहीण सोनिया माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आम्ही बारवी धरणाकडच्या ठाकूरवाडीतले, आदिवासी. ती दोन वर्षांची असताना बाप गेला. आईने भाताची लावणी केली, वीटभट्टीवर राबली, उन्हाळ्यात बदलापूरच्या बाजारात करवंदांची पाटी घेऊन बसली आणि आम्हाला वाढवलं. सोनिया आश्रमशाळेतून शिकत शिकत नर्स झाली, अंबरनाथच्या एका दवाखान्यात लागली. तिथेच लॅबमध्ये काम करणारा सुयोग तिला भेटला. त्याचं घर अंबरनाथ पश्चिमेला, बौद्ध, शिकलंसवरलेलं. त्याची आई संध्याताई शाळेत शिकवायच्या. मला वाटलं होतं, आता जातीवरून काहीतरी निघणार. ते लोक वाडीवर आले, आईच्या शेजारी जमिनीवर बसले, नाचणीची भाकरी मागून घेऊन जेवले. कोण नाक मुरडतंय हे बघायला मी टपून बसलो होतो. कुणी मुरडलं नाही, आणि मला त्याचाही राग आला.

स्लाइडशो मीच करणार हे न बोलता ठरलं होतं. एका दुपारी संध्याताई तीन अल्बम घेऊन स्टुडिओत आल्या. एकेका फोटोमागे पेन्सिलीने तारीख आणि गाव लिहिलेलं. सुयोगचा पहिला दात, सुयोग तीनचाकी सायकलवर, सुयोग बालवाडीत ससा झालेला. मी बेचाळीस फोटो बाजूला काढले. त्या म्हणाल्या, सोनियाचे जे असतील ते घाला, नसतील तर नसू देत. आमच्या सासूबाईंचा आख्ख्या आयुष्यातला एकच फोटो आहे, तोही त्या गेल्यावर काढलेला.

बाई चांगल्या मनाने बोलली होती. आज कळतं. त्या वेळी मात्र मला असं झोंबलं की त्यांनी आमच्या घराचे पत्रे मोजले असावेत.

"आहेत की," मी म्हणालो. "भरपूर आहेत."

रविवारी वाडीवर गेलो. आईला म्हटलं, सोनियाचे लहानपणीचे फोटो काढ. तिने पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. तिच्यात रेशनकार्ड, बापाच्या मृत्यूचा दाखला, बँकेचं पुस्तक आणि गुंडाळी करून ठेवलेला आश्रमशाळेचा एक ग्रुप फोटो. बस. बाकीचे कुठे आहेत विचारलं तर ती पुटपुटली, इथं फोटो काढणार कोण होतं. आणि मी तिच्यावर ओरडलो. एवढ्या वर्षांत पोरीचा एक फोटो काढता आला नाही का तुला, म्हणालो. जसा काही कॅमेरा खुंटीला लटकत होता आणि हिला आळस नडला. आई एरवी ऐकून घेणारी बाई नाही. पण त्या दिवशी तिने पिशवीची नीट घडी घातली आणि मान खाली घालून म्हणाली, "माजं चुकलंच."

मी तो ग्रुप फोटो घेऊन परत आलो आणि स्कॅन केला. सहावीचा वर्ग, साठ मुली, ओळीने उभ्या. उवा झाल्या म्हणून सगळ्यांची डोकी भादरलेली. सोनिया तिसऱ्या ओळीत, उन्हाने डोळे बारीक केलेली. तिचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. मोठा केला की चौकोनच चौकोन दिसायचे. एवढं असूनही तो लावता आला असता. मोठा न करता, नुसता एक बाण दाखवून लावला असता तर लोकांनी पाच सेकंद बघितलं असतं आणि हसून पुढे गेले असते. पण मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं, एका बाजूला तीनचाकी सायकल आणि लगेच पुढे ही साठ भादरलेली डोकी. मी फाइल बंद केली.

आमच्याकडे गिऱ्हाइकांचं काम दोन वर्षं साठवून ठेवतात. कॅम्प चारमधल्या एका मुलीचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं, तिचे फोटो मीच साफ केले होते, मला ते तोंडपाठ होते. सोनियासारखेच गोबरे गाल, तशाच जाड भुवया. एक फोटो वर्षाची असतानाचा, एक घराच्या पायरीवर बसलेला, आणि एक तिसऱ्या वाढदिवसाचा, गुलाबी झालरीचा झगा घातलेला, पुढ्यात केक. मी तिन्ही उचलले. कोपऱ्यातली नारिंगी तारीख पुसली, कारण ती सोनियाच्या जन्माच्या आधीची होती. भिंतीवर त्या मुलीचं नाव चिकटवलं होतं, त्याच्यावर फुगे आणून बसवले. तिला धरलेल्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या, तो हात मनगटापासून कापला.

मग रंग. चौदा वर्षांत मी हजारो चेहरे उजळले असतील. कुणाला सावळं करायची ही पहिलीच वेळ. दोन छटा खाली आणली तिला.

शेवटी त्या पोरीचा चेहरा हळूहळू आजच्या सोनियाचा चेहरा होतो, असं हलतं करून टाकलं. गाल जरा आत जातात, नाक लांबतं, केस वाढतात, आणि चार सेकंदांत नर्सच्या कपड्यातली सोनिया तुमच्याकडे बघून हसते. मशीनला काय, कुठलाही चेहरा द्या, ते कुठल्याही चेहऱ्यात नेऊन सोडतं. मी ते दहा वेळा लावून बघितलं. मनाने मला खाल्लं वगैरे मी म्हणणार नाही. काम फक्कड जमलं म्हणून मला बरं वाटलं होतं. केल्याची लाज वाटतेच, पण त्या बरं वाटण्याची जास्त वाटते.

सोनिया फोनवर विचारत होती, दादा, माझं काय टाकतोयस? मी म्हणालो, हॉलमध्ये बघ.

लग्न अंबरनाथ पश्चिमेच्या एका हॉलमध्ये झालं. वंदना झाली, मंगल परिणय झाला, पांढऱ्या साडीतली सोनिया आणि सुयोग स्टेजवर बसले आणि जेवणाआधी पडदा लावला. वाडीवरून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, आई त्यांच्या पुढे पहिल्या ओळीत. मी लॅपटॉपपाशी उभा होतो. चोराच्या मनात चांदणं, तसा मी हॉलभर बघत होतो, कॅम्प चारमधलं कुणी आलंय का, कुणी त्या पोरीला ओळखतंय का. कुणी ओळखलं नाही. पोरीचा चेहरा सोनियाचा झाला तेव्हा टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, डोळे बघ, अगदी तेच. संध्याताईंनी वळून माझ्याकडे बघितलं आणि छान झालंय अशी मान हलवली. सोनिया स्टेजवरून माझ्याकडे बघत होती. तोंडावर हात होता तिचा. मला वाटलं, भरून आलंय.

जेवणाच्या पंगतीत आईने मला बाजूला घेतलं. "साई, ह्यो फोटू तुला कुठं गावला रं?"

खरं सांगायची ती पहिली संधी होती. पण खोटं एकदा बोललं की दुसरं आयतंच तोंडात येतं. मी म्हणालो, भट्टीच्या शेठकडे. त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला आपल्या सोनियाचाही काढला होता, मी शोधून आणला.  झगा शेठाणीने दिला असेल, असं आई म्हणाली. मग म्हणाली, असेलच. बाई मनाने चांगली होती.

सुटलो असं मला वाटलं. चार दिवसांनी आईचा शेजाऱ्याच्या मोबाइलवरून फोन आला. तो फोटो मोठा करून काचेत घालून आण. आईने उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. साडी आणली तरी कशाला आणली म्हणून भांडायची. नाही म्हणायला मला कारणच सापडेना. मी झग्याच्या फोटोची मोठी प्रिंट काढली, चौकट केली आणि स्वतःच्या हातांनी खिळा ठोकून वाडीतल्या घरात लावली. वाडीतल्या बाया बघायला आल्या. आई पदराने काच पुसत होती.

त्यानंतर पुढच्या रविवारी मी ओट्यावर बसलो होतो आणि आत आई शेजारच्या सगुणाबाईंना झग्याची हकिकत सांगत होती. आता त्या हकिकतीत शेठाणी नव्हती. आईनेच तो झगा घेतला होता, बदलापूरच्या बाजारातून. त्या दिवशी करवंदांची पाटी दुपारच्या आतच संपली होती. पोरगी दुकानासमोर लोळण घेऊन रडत होती. झगा मोठा होत होता म्हणून आईने खालून दुमडून टाके घातले होते. टाके कुठल्या दोऱ्याने घातले तेही तिने सांगितलं. सगुणाबाई म्हणाली, तुझी परिस्थिती नसताना तू पोरीला असं नटवलंस, तानी. आणि आई म्हणाली, पोरीला काय कमी केलं नाय मी.

आईला बढाई मारताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. हिने खोटं बोलायची गरज नव्हती आणि ती बोलतही नव्हती. तिला ते खरंच आठवत होतं. माझ्या ओरडण्याने तिच्या मनाला जे लागलं होतं, ते तिने या झग्याने झाकून घेतलं होतं. मी उठलो, चप्पल घातली आणि आत निरोपही न घेता उल्हासनगरला निघून आलो. आतून माझी मलाच किळस येत होती. तरी सांगणार नाही असंच ठरवलं. आई सुखात आहे ना, मग कशाला उगाच, असं म्हटलं. आपला भेकडपणा दुसऱ्याच्या सुखाच्या नावावर खपवणं मला तेव्हा छान जमलं.

लग्नानंतर सोनिया पहिल्यांदा घरी आली तेव्हा सुयोग संध्याकाळी न्यायला येणार होता. मीही सुट्टी घेऊन गेलो होतो. ती आत आली, आईच्या गळ्यात पडली आणि भिंतीकडे बघून तशीच थांबली. आई तिला हाताला धरून फोटोपुढे घेऊन गेली. आठवतो का गं मी घेतलेला झगा, म्हणाली.  सोनिया म्हणाली, छान आहे. पाणी प्यायली, आईने आणलेला चहा प्यायली, सासरच्या गोष्टी सांगितल्या. मग मला म्हणाली, दादा, जरा बोअरिंगवर चल, हंडा आणू.

बोअरिंगवर तिने हंडा खाली ठेवला आणि हापश्याच्या दांड्याला हातही लावला नाही.

"कोण आहे ती?"

मी म्हणालो, एक गिऱ्हाईक. आणि मग नेहमीप्रमाणे माझं तोंड सुटलं. म्हणालो, मी काय स्वतःसाठी केलं का? त्यांचे बेचाळीस फोटो आणि तुझा एकही नाही, हॉलभर माणसं, तुझीच लाज राखली ना मी?

"माझी?" सोनिया म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, दवाखान्यात पेशंटशी बोलावं तशी बोलत होती. "मला शाळेत जाईपर्यंत चप्पल नव्हती, हे सुयोगला माहीत आहे. त्याच्या आईला माहीत आहे. डोकं भादरलेलं त्यांना मीच हसत हसत सांगितलंय. फोटो नाही म्हणून मला कधी लाज वाटली नाही, दादा. त्या दिवशी स्टेजवर वाटली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी तिथं नव्हतेच."

 चौदा वर्षं गिऱ्हाइकांना फाडफाड बोलणारा मी, तिच्यापुढे हंड्याकडे बघत उभा राहिलो. आपल्याच बहिणीला आपण पुसून टाकलं, आणि वर तिच्याकडून शाबासकीची वाट बघत होतो. जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं.

"आईला तू सांगायचं," ती म्हणाली. "आत्ता. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी तिचा झगा नाकारला."

मी म्हणालो, तिचं सुख आहे गं त्यात. सोनिया म्हणाली, ते सुख दुसऱ्याच्या पोरीचं आहे. आणि दांडा मारायला लागली.

परत आलो तेव्हा आई दारात बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. सोनिया हंडा ठेवून आतल्या दारात उभी राहिली. मी सांगितलं. लपवायला शब्द शोधले नाहीत. शोधले असते तर पुन्हा खोटंच सापडलं असतं. ती आपली सोनिया नाही. कॅम्प चारमधल्या एका घरची मुलगी आहे. भट्टीच्या शेठने कधी फोटो काढला नाही. मी आणला, मी रंगवला, मी लावला.

आईचे हात सुपात थांबले.

"आन् झगा?"

"झगापण तिचाच, आये."

"टाकं घातलं व्हतं मी," आई म्हणाली. मग आपल्याच बोटांकडे बघत राहिली, जणू त्यांनाच विचारावं, घातले होते की नाही. मी वाट बघत होतो, ती शिव्या देईल, सूप फेकेल. द्यायला हव्या होत्या शिव्या. तिने सूप बाजूला ठेवलं, उठली आणि भिंतीजवळ गेली. फोटो काढला नाही. त्याच्याकडे असं बघितलं, जसं पाहुण्यांच्या मुलीकडे बघतात, प्रेमाने पण हात न लावता. मग वळून सोनियाकडे बघितलं, आणि माझ्याकडे.

"मंग आपली कशी दिसायची रं?"

मी म्हणालो, सांगतो. सोपं होतं, तेव्हा मी काही लहान नव्हतो, तेरा-चौदा वर्षांचा होतो. मी आठवायला लागलो. भट्टी आठवली, विटांची थप्पी आठवली, झाडाला बांधलेली झोळी आठवली. झोळीत डोकावून बघितलं तर आत गुलाबी झग्यातली पोर होती, मीच दोन छटा सावळी केलेली. मी तिला बाजूला सारून पुन्हा बघितलं. पुन्हा तीच. आतल्या दारात सत्तावीस वर्षांची सोनिया माझ्याकडे बघत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यातही मला तीच पोर दिसायला लागली. मशीनने चार सेकंदांत केलं होतं ते काम माझ्या डोक्यात कायमचं झालं होतं.

"सांग की," आई म्हणाली. "मी कामावर असायची. तूच तर तिला कडंवर घेऊन फिरायचास."